साकवाचा झोका

परवा सकाळी पालखी नदीवरच्या साकवावरून पलीकडे जाईल, तेव्हा माझी मुलगी त्या साकवाच्या मधोमध एकटी उभी असेल. आज जेवताना तिनं हे इतकं साधेपणानं सांगितलं, की मी आमटी वाढता वाढता नुसतं "बरं" म्हणाले. आता साडेबारा वाजून गेलेत. दिवा मालवून दोनदा पडून पाहिलं. तिच्या खोलीच्या दाराखालून उजेड येतोय, म्हणजे तीही जागी आहे. आम्ही दोघीच या घरात, आणि दोघी आपापल्या दाराआड. बोलता येत नाही म्हणून लिहायला बसले आहे.

शमिका एकतीस वर्षांची आहे. रत्नागिरीजवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तिचा विषय कंपनांचा. वस्तू का हलतात, किती हलतात, हलायच्या कधी थांबतात, आणि हे सगळं समीकरणात कसं मांडायचं, हे ती मुलांना सांगते. मी बी.ए. झालेली, तेही इतिहास घेऊन. गणिताशी माझा संबंध दहावीलाच संपला. त्यामुळे ती काय शिकवते असं कुणी विचारलं, की मी "मेकॅनिकल" एवढं सांगून मोकळी होते.

लहानपणी आम्ही एसटीनं गावी जायचो, तेव्हा मला मळमळायचं म्हणून मी ड्रायव्हरच्या मागची सीट पकडायची. ती मात्र आप्पांचा हात ओढत थेट शेवटच्या बाकावर. आप्पा म्हणजे तिचे वडील. घरात सगळे त्यांना आप्पाच म्हणायचे, मीसुद्धा. गाडी खड्ड्यातून गेली की दोघं वीतभर उडायचे आणि ही मोजायची, गाडी किती वेळा वरखाली होऊन शांत झाली. एकदा, नऊ-दहा वर्षांची असेल, स्टँडवरून रिक्षानं घरी येताना आप्पा वाटेत भाजीला उतरले. पुढे गतिरोधक आला तशी ती म्हणाली, "आप्पा होते तेव्हा रिक्षा हळूहळू हलत होती. आता भराभर हलतेय. असं का?" मी म्हटलं, आप्पा जड आहेत म्हणून. त्यावर तिचा प्रश्न, जड माणूस उतरल्यावर घाई कशाला हवी रिक्षाला? रिक्षावाला मागं वळून हसला. मीही हसले. आता हाच प्रश्न ती दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहिते म्हणे.

इंजिनिअर झाल्यावर पुण्याला एका गाड्यांच्या कंपनीत होती. तिथं मुद्दाम दगड-गोट्यांचा खडबडीत रस्ता करून ठेवलेला, त्यावरून नवे टेम्पो, ट्रक पळवायचे आणि आत बसलेल्या माणसाची हाडं किती हलतात ते मोजायचं. दिवसभर असं बसून संध्याकाळी फोन करायची तेव्हा आवाज थकलेला असायचा, पण आनंदी. चार वर्षं ती आनंदी होती, हे मला आता कळतं. मग आप्पांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. ती महिन्याच्या रजेवर घाट उतरून आली. महिन्याचे आठ महिने झाले, डायलिसिसच्या फेऱ्या तिनंच केल्या, आणि आप्पा गेले तेव्हा पुण्याची जागा दुसऱ्याला दिली गेली होती. इथल्या कॉलेजात दर जूनला नवं नेमणूकपत्र मिळतं, तेवढ्यावर ती थांबली. माझ्यासाठी थांबली, असं ती कधी म्हणाली नाही. मीही परत जा असं कधी म्हटलं नाही.

स्थळं आली. चिपळूणचा एक मुलगा चांगला वाटला होता. त्यानं विचारलं, रविवारी काय करतेस? ही म्हणाली, गावच्या साकवावर उभी राहते. त्याला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती.

आता साकवाबद्दल सांगायला हवं.

आमचं गाव कारवंडे, रत्नागिरीहून एसटीनं सव्वा तास, आत डोंगराकडे. वाडीच्या आणि देवळाच्या मधून नदी जाते. पूर्वी तिथं लाकडी साकव होता, पावसाळ्यापुरता बांधायचा. सहा वर्षांपूर्वी लोखंडी तुळया टाकून पक्का साकव झाला, वर पातळ सिमेंटची लादी, दोन्ही बाजूंना कठडा. रोजच्या माणसांना तो उत्तम. कुणी पाटी घेऊन चाललं तर पायाखाली किंचित झुलतो, तेवढंच.

शिमग्याला देवीची पालखी सहाणेवरून, म्हणजे तिच्या बसायच्या चौथऱ्यावरून उठते आणि साकव ओलांडून आमच्या वाडीत येते. पुढे ढोल, मागे अख्खा गाव, मुंबईहून आलेले सगळे. गेल्या वर्षी पालखी मधोमध आली आणि साकव असा झुलायला लागला, की ओटीचं ताट घेऊन चाललेली वाडीतली म्हातारी यमुनाबाई मटकन खाली बसली. चारपाच जणांनी कठडा धरला, तो बाहेर कलला. खाली फाल्गुनात पाणी घोट्याएवढं, बाकी दगड. निभावलं. लोक म्हणाले, देवीचं वारं आलं. म्हातारीचीच चेष्टा झाली, की पालखीआधी हिलाच झोका हवा होता.

शमिका काठावर होती. पुढच्या रविवारपासून तिच्या फेऱ्या सुरू झाल्या.

ती साकवाच्या मध्यावर मोबाईल ठेवायची, एकदा उडी मारायची आणि स्वस्थ उभी राहायची. मोबाईल झोके नोंदवायचा. रिकाम्या साकवाचे सेकंदाला सव्वादोन. कधी बाजारहून येणाऱ्या बायकांना थांबवून त्यांच्यासकट मोजायची. कठड्याचे खांब मुळाशी वाकून पाहायची. दोन खांब गंजून सुटत आलेत, ते तिनं ग्रामपंचायतीला कळवलं, तिथं ते वहीत लिहून घेतलं गेलं. गावात तिला 'उडी मारणारी बाय' म्हणायला लागले.

रात्री हॉलमध्ये फरशीवर कागद पसरून बसायची. मी एकदा विचारलं, एवढा मोठा साकव या कागदावर कसा मावतो? मला वाटतं, आप्पा गेल्यापासून तिच्या कामाबद्दल मी तो पहिला प्रश्न विचारला. तिनं जागा करून मला शेजारी बसवलं. एक चौकोन काढला, त्याखाली स्प्रिंग. म्हणाली, सगळा साकव हा एवढाच. चौकोन म्हणजे वजन, स्प्रिंग म्हणजे तुळयांचा ताठपणा. आणखी एक छोटी डबी काढली, झोका हळूहळू मारून टाकणारी. तिघांची ओढाताण एका ओळीत लिहायची आणि उजव्या बाजूला लिहायचं, बाहेरून कोण ढकलतंय. इथं माणसांची पावलं.

मी म्हटलं, साकवाचं स्वतःचं ओझं कुठं लिहिलंस? ती पेन ठेवून माझ्याकडे वळली. म्हणाली, वर्गात हे कुणी विचारत नाही. मग सांगितलं, की मोजायला कुठून सुरुवात करायची ते आधी ठरवायचं असतं. स्प्रिंग ओझ्याखाली आधीच दबून जिथं स्थिरावली आहे, तिथं शून्य धरलं, तर ओझं आणि स्प्रिंगचा तेवढा जोर एकमेकांत वजा होतात. ओझं समीकरणात दिसत नाही.

"म्हणजे ते नसतं?"

"असतं गं. पण तू तिथूनच मोजायला लागलेली असतेस."

मी उठून दूध तापवायला गेले. पातेल्यासमोर उभी राहून बराच वेळ त्याच वाक्याचा विचार करत होते. तीन वर्षं आम्ही दोघी ज्या घरात राहतोय, तिथलं शून्य कुठं धरलंय, हे तिला विचारावंसं वाटलं. दूध वर आलं, गॅस बंद केला, विचारलं नाही.

डिसेंबरात तिचं गणित सुटलं. मला कळलं ते असं. रिकामा साकव आपल्या चालीनं झुलतो तेव्हा भीती नाही, कारण माणसाची चाल त्याच्याहून हळू असते. पण चाळीस माणसं वर चढली, की ओझ्यामुळे साकवाचा झोका मंद होतो, आप्पा बसलेल्या रिक्षासारखा. सेकंदाला दोनाच्या जरासा आत येतो. आणि आमच्या महिपतचा ढोल पालखीपुढे ज्या ठेक्यात वाजतो, तो तिनं गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी व्हिडिओवरून मोजला होता. तोही तेवढाच. म्हणजे ढोल सगळ्यांचं पाऊल एक करतो, आणि ते पाऊल नेमकं साकवाच्या झोक्यावर पडतं. प्रत्येक पाऊल झोपाळ्याला दिलेल्या धक्क्यासारखं, वेळेवर. यंदा गर्दी जास्त असेल, कारण शिमगा शनिवार-रविवारला जोडून आलाय.

जानेवारीतल्या गावच्या सभेसाठी तिनं एक पान लिहिलं. साधं मराठी, आकृती, समीकरणाची एकच ओळ, शेवटी तीन सूचना. सुटलेले खांब बांधून घ्यावेत. साकवावर एका वेळी पंधराहून जास्त माणसं नसावीत. साकव ओलांडेपर्यंत ढोल थांबवावा.

ते पान तिनं मला तपासायला दिलं. ती शेजारी उभी होती, पुण्याहून फोन करायची तशी प्रसन्न. मी 'स्थीर'चं 'स्थिर' केलं, 'साकवावरिल'ची वेलांटी दीर्घ केली, एक स्वल्पविराम घातला. तिसरी सूचना मी वाचली. नीट वाचली. आणि पान परत दिलं.

कारवंड्यात पालखीपुढचा ढोल फक्त मृत्यूसाठी थांबतो. सासूबाई गेल्या त्या वर्षी आमच्या दारावरून पालखी मुकी गेली होती. गावात कुणी चिडून शाप देताना म्हणतं, तुझ्या दारी ढोल थांबंल. शमिका रत्नागिरीत वाढली, वर्षाला दोन दिवस पाहुणी म्हणून गावी जाणारी. तिला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला ठाऊक होतं. मी मनाशी म्हटलं, आता नको, सभेच्या वेळी आपण बरोबर असू तेव्हा सावरून घेऊ. सभेच्या दिवशी गुडघा सुजला आणि मी गेले नाही. गुडघा खरंच सुजला होता, पण एवढाही नव्हता.

सभेत काय झालं ते तिच्याकडून थोडं आणि यमुनाबाईच्या सुनेकडून जास्त कळलं. भागोजी माझे धाकटे दीर, आप्पा नोकरीपायी शहरात राहिल्यामुळे पालखीच्या पहिल्या खांद्याचा मान त्यांच्याकडे. पुतणी शिकलेली म्हणून त्यांना मोठी ऐट. तिला त्यांनीच पुढे बसवलं, चहा मागवला. पहिल्या दोन सूचनांना माना डोलल्या. तिसरी वाचल्यावर माना डोलायच्या थांबल्या. भागोजींनी पान हातात घेतलं, पुन्हा वाचलं.

"शमिका, हे तू लिवलंस का आणखी कुणी?"

"मीच लिहिलंय, काका."

"मंग तू गाडीची हिसाबं कर. देवीची पालखी तुझ्या गाडीत बसत न्हाय."

कुणीतरी मागून म्हणालं, खांदा दिलान् काय कधी पालखीला, आली सांगायला. तिला वाटलं, बाई म्हणून बोलतायत. तीही आवाज चढवून म्हणाली, की ढोल थांबला तर कुणी मरत नाही, नाही थांबला तर मरेल. याहून वाईट वाक्य त्या जागी बोलता आलं नसतं, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

मग तरुण मंडळी उठली. चला, बघूच. चाळीस जण साकवावर नेऊन मधोमध उभे केले. दहा मिनिटं उभे राहिले, कुणी विडी ओढली, कुणी फोटो काढले. साकव तसूभर हलला नाही. हसत खाली उतरले. ती सांगत राहिली, उभ्या माणसानं काही होत नाही, चालायला हवं, एका पावलानं चालायला हवं. ऐकायला कोण होतं? खांबांचं कामसुद्धा पुढच्या वर्षावर गेलं. ज्या बाईची शिफारस, तिचं काहीच करायचं नाही, असं ठरल्यासारखं.

दीड महिना झाला. भागोजींचा फोन नाही. तांदळाचं पीठ यायचं दर महिन्याला, ते नाही. शमिका कॉलेजातून येते, जेवते, दार लावून घेते. मुलांच्या वह्या तपासते. रविवारी मांडवीच्या बंदरावर जाऊन बसते, पाण्याकडे तोंड करून. एकदा मी मागोमाग गेले होते, चप्पल हातात घेऊन, लांबूनच परत आले. कॉलेजातल्या एकानं तिला सुचवलं, यावर निबंध लिही, परिषदेत वाच. ती मला म्हणाली, "लिहीन. पण तो यमुनाबाई वाचणार नाही."

गावच्या लोकांना विज्ञान नको आहे, असं तिनं मनाशी पक्कं केलं आहे. ते तसं नाही, हे सांगू शकणारी एकटी मी होते. दीड महिना समोर बसून जेवले आणि सांगितलं नाही. सांगायचं तर आधी हेही सांगावं लागलं असतं, की मी वाचलं होतं.

आणि आज तिनं सांगितलं, की परवा पहाटेच्या गाडीनं जाणार, साकवाच्या मध्यावर, त्या सुटलेल्या दोन खांबांपाशी उभी राहणार. अडवणार नाही कुणाला. झोका वाढायला लागला तर तो पायांना सगळ्यांच्या आधी तिला कळेल, मग ओरडून माणसं मागे लोटता येतील. मी "बरं" म्हटल्यावर ती थोडं थांबली. बहुतेक मी आणखी काही म्हणेन अशी वाट पाहिली असेल. मग ताट उचलता उचलता म्हणाली, "मला त्यांचा ढोल थांबायला नकोच होता गं. पावलं जुळायला नको होती फक्त."

हे वाक्य मी मघापासून उलटसुलट करतेय.

पालखी चालत असते तेव्हा आम्ही बायका मागे असतो, लांब. आमची आणि पालखीची गाठ पडते ती अंगणात, पालखी उभी असताना, ओटी भरायला. पुरुषांना पालखीचं चालणं माहीत, आम्हाला तिचं उभं राहणं. आणि पालखी उभी राहिली तरी ढोल थांबत नाही. महिपत ठेका बदलतो. त्याला गावात 'उभा ठेका' म्हणतात. घाईघाईचा, मध्येच अडखळणारा, पुन्हा धावणारा. तीस वर्षं त्या ठेक्यावर रांगेत ताट धरून मी पुढे सरकले आहे आणि एकदाही कुणाच्या पावलाशी माझं पाऊल जुळलेलं नाही. पुढचीच्या टाचेवर माझा अंगठा, माझ्या टाचेवर मागचीचा. त्या ठेक्यावर चालताच येत नाही. जो तो आपापल्या परीनं सरकतो.

साकवावर महिपतनं उभा ठेका धरला, तर ढोलही वाजत राहील आणि पावलंही जुळणार नाहीत. पालखी सावकाश जाईल. त्यात देवीचा अपमान कुठे आहे? उलट प्रत्येक दारात थांबते तशी ती नदीवर थांबत थांबत गेली, असंच होईल. हे शमिकाला सुचणं शक्य नव्हतं, ती कधी ओटीच्या रांगेत उभी राहिली नाही. भागोजींना सुचलं नसतं, ते कायम पालखीच्या दांडीखाली. मी जानेवारीत ते पान हातात धरलं होतं तेव्हा पेन्सिलीनं एवढंच लिहायचं होतं. त्याऐवजी वेलांट्या दुरुस्त केल्या.

यानं सगळं सुटेल असं नाही. गर्दी कमी करायला हवीच, खांब निदान दोरानं तरी बांधायला हवेत. पण त्या दोन्ही गोष्टींना सभेत माना डोललेल्या होत्या. अडलं ते एका ओळीवर.

भागोजी या दिवसांत झोपत नाहीत. पालखी सहाणेवर असते तोवर मानकऱ्यांनी राखण करायची असते, दोन दोन वाजेपर्यंत भजनं चालतात. फोन खिशात असतोच. काय म्हणतील? "वैनी, आता आठवण झाली होय?" म्हणतील, आणि बरोबर म्हणतील. त्यांना सांगायचं, की पोरीला गावचा ढोल माहीत नव्हता, तिनं कुणाचं वाईट चिंतलं नाही, ज्या बाईला माहीत होतं तिनं वाचून पान पुढे जाऊ दिलं. मग ठेक्याचं सांगायचं. हा फोन झाला, की दार वाजवून हेच सगळं शमिकाला सांगायचं आहे, आणि ते मला जास्त कठीण जाणार आहे. तिनं रागावून पुण्याला जाते म्हटलं, तर तेही ऐकून घ्यायचं.

पण आधी भागोजी. चष्मा लावलेलाच आहे, नंबर समोर आहे. लावते फोन.